आगबोटीची शाळा

मुंबईच्या उपनगरांत पवई नावाचे एक रम्य ठिकाण आहे. सभोवती टेकड्या आणि त्यांच्या कुशीत १८९१ साली मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेला विस्तीर्ण तलाव. समुद्र येथून दिसत नाही. भरतीच्या लाटांचा आवाजही येथवर पोहोचत नाही. तरीसुद्धा याच पवईत समुद्रावरची मोठमोठी जहाजे कशी चालवावीत याचे शिक्षण दिले जाते. शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कंपनीने उभारलेली सागरी प्रशिक्षण संस्था येथे आहे. जहाजावरचे अधिकारी येथे येतात, नकाशे अभ्यासतात, यंत्रांच्या साहाय्याने खोलीतच उभ्या केलेल्या आभासी समुद्रावर जहाज हाकण्याचा सराव करतात, आणि पुन्हा खऱ्या समुद्रावर निघून जातात.

आपल्या देशातील एखादा मुलगा किंवा एखादी मुलगी पुढे जहाजाचा कप्तान होणार आहे, असे कोणी सांगितले तर आज आपल्याला त्यात अशक्य असे काही वाटत नाही. परंतु शंभर वर्षांपूर्वी ही गोष्ट जवळजवळ स्वप्नवत् होती. ते स्वप्न खरे करण्यात एका जुन्या आगबोटीचा मोठा वाटा आहे. ती आगबोट मुळात शाळा म्हणून बांधलेली नव्हती. सैनिकांना युद्धावर नेण्यासाठी ती बांधली होती. तिचे नाव ‘डफरिन’.

‘डफरिन’ इंग्लंडमधील बॅरो या गावच्या गोदीत १९०४ साली बांधण्यात आली. १८८४ ते १८८८ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड डफरिन यांचे नाव तिला दिलेले होते. ती ‘रॉयल इंडियन मरीन’ या दलाची आगबोट होती. हे दल म्हणजे पुरते आरमार नव्हे. हिंदुस्थान सरकारच्या सैनिकांची ने-आण करणे, किनाऱ्याची व समुद्रतळाची मोजणी करणे, दीपगृहांना सामान पोहोचविणे, आणि इराणच्या आखातातील चोरट्या शस्त्रव्यापाराला आळा घालणे, अशी कामे त्याच्याकडे होती. मुंबई हे या दलाचे मुख्य ठाणे होते. ब्रह्मदेशात, एडनला किंवा आखातात पलटणी पाठवावयाच्या झाल्या, की ‘डफरिन’ आणि तिच्या जोडीच्या ‘हार्डिंज’ व ‘नॉर्थब्रुक’ या आगबोटी कामाला लागत.

अशी आगबोट समुद्रातून जाताना किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला ती एकसंध दिसे. आत मात्र माणसांचे थर होते. सर्वांत वर, जेथून कप्तान जहाज चालवितो, त्या जागेला ‘ब्रिज’ म्हणतात. तेथे होकायंत्र असते, सुकाणूचे चाक असते आणि समुद्राचे नकाशे असतात. या ब्रिजवर हुकूम देणारे सगळे अधिकारी इंग्रज असत. त्यांच्या खाली डेकवर दोर ओढणारे, नांगर टाकणारे, डेक धुणारे खलाशी. त्यांतील पुष्कळसे आपल्या कोकणातले, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांच्यावर तांडेल, आणि तांडेलाच्या वर सारंग. सर्वांत खाली, भट्टीच्या धगीत, कोळसा ओढणारे आगवाले. सारंगाने चाळीस वर्षे समुद्र पाहिलेला असे. ढगांचा रंग पाहून वादळ केव्हा येणार हे तो सांगू शके. तरीही जहाजाची दिशा ठरविण्याचा अधिकार त्याला कधीच मिळत नसे. ज्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने परकीय जहाजांना धाक घातला होता, त्याच किनाऱ्याची मुले आता परक्यांच्या हुकुमाखाली दोर ओढीत होती.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. हिंदुस्थान त्या वेळी परतंत्र होता. युद्धात उतरावे की नाही, हे त्याला कोणी विचारले नाही. युद्ध संपेपर्यंत दहा लाखांहून अधिक हिंदी लोक, सैनिक आणि त्यांच्या मदतीला नेलेले कामकरी, समुद्रापार पाठविले गेले. फ्रान्स, पूर्व आफ्रिका, इजिप्त आणि मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, अशा दूरच्या रणांगणांवर ते गेले. मुंबईचे बंदर या साऱ्या धावपळीचे केंद्र बनले. घोडे, खेचरे, तोफा, धान्याची पोती आणि माणसे यांनी धक्के गजबजून गेले. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतील ज्या जवानांनी तोवर समुद्र कधी पाहिलाही नव्हता, ते अशा वाहतुकीच्या जहाजांतून बसऱ्याच्या वाटेला लागले. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी टायग्रिस नदीकाठी कूट या गावी वेढ्यात सापडल्या. १९१५ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या एप्रिलअखेरपर्यंत त्यांनी भूक आणि रोगराई सोसली. त्यांतील कित्येक जण परत आले नाहीत.

या युद्धकाळात ‘डफरिन’वर तोफा चढविण्यात आल्या. सैनिक वाहणारी आगबोट आता गस्तीचेही काम करू लागली. लाल समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवर तुर्कांचे व त्यांच्या शत्रूंचे सैन्य समोरासमोर होते. तेथे पहारा देणाऱ्या जहाजांत ‘डफरिन’ होती. १९१६ साली अरबस्तानात तुर्कांविरुद्ध उठाव झाला, तेव्हा किनाऱ्यावरील बंदरांना आधार देण्याच्या कामीही तिचा उपयोग झाला. हे काम किती धोक्याचे होते, याची कल्पना तिच्या जोडीदारिणीवर आलेल्या प्रसंगावरून येते. ३ फेब्रुवारी १९१५ रोजी सुएझच्या कालव्यात ‘हार्डिंज’वर तुर्की तोफांचे गोळे येऊन आदळले. धुराड्यांची मोडतोड झाली, माणसे जखमी झाली, आणि जहाजाला तेथून हलणे भाग पडले.

युद्धात शौर्य केवळ बंदूक धरणाऱ्याचेच असते असे नाही. बुडत्या जहाजाच्या भट्टीजवळ शेवटपर्यंत उभा राहिलेला आगवाला हाही वीरच होय. मुंबईत मशीद बंदराच्या भागात खलाशांचे एक जुने विश्रामगृह आहे. तेथे पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक आहे. त्यांना समुद्राखेरीज दुसरी समाधी नाही. पण अशा माणसांना जिवंतपणी जहाजाच्या ब्रिजवर जागा नव्हती, ही गोष्ट विचारी लोकांच्या मनाला लागून राहिली.

युद्ध संपताच एक महत्त्वाची घटना घडली. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी १९१४ साली ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ नावाची एक मोठी आगबोट विकत घेतली होती. हिंदी जखमी सैनिकांसाठी तिचे तरंगते रुग्णालय करण्यात आले आणि तिला ‘लॉयल्टी’, म्हणजे निष्ठा, असे नाव देण्यात आले. १९१९ साली हे जहाज विक्रीस निघाले. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांच्या साहाय्याने ते खरेदी केले. त्यांनी स्थापन केलेल्या कंपनीला शिंदे घराण्याच्या नावावरून ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ हे नाव मिळाले. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. हिंदी मालकीचे जहाज परदेशच्या समुद्रमार्गावर जात आहे, या वार्तेने लोकांचे मन अभिमानाने भरून आले. त्याच दिवसाची आठवण म्हणून १९६४ पासून ५ एप्रिल हा ‘राष्ट्रीय सागरी दिन’ पाळला जातो.

परंतु अभिमानाचा भर ओसरल्यावर दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली गोष्ट अशी की, ‘लॉयल्टी’ जुनी होती. ती प्रवाशांसाठी बांधलेली असल्याने मालाच्या व्यापारात तिचा फारसा लाभ होईना. १९२३ साली मुंबईतच ती मोडीत निघाली. दुसरी गोष्ट याहून गंभीर होती. जहाज आपले झाले, पण ते चालविणारे अधिकारी कोठून आणावयाचे? होकायंत्र, नकाशा आणि ताऱ्यांचे गणित यांची रीतसर विद्या शिकलेले आणि सरकारी परीक्षा उतरलेले हिंदी तरुण जवळजवळ नव्हतेच. पैसा जमवून जहाज विकत घेता येते. कप्तान मात्र विकत घेतल्याने आपला होत नाही. तो घडवावा लागतो, आणि त्यासाठी शाळा लागते.

१९२२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात सर पी. एस. शिवस्वामी अय्यर यांनी हा प्रश्न मांडला. देशाचा स्वतःचा व्यापारी जहाजांचा ताफा असावा आणि त्यावर देशाचेच अधिकारी असावेत, यासाठी चौकशी व्हावी असा त्यांचा आग्रह होता. पुढच्या वर्षी सरकारने एक समिती नेमली. रॉयल इंडियन मरीनचे प्रमुख कॅप्टन हेडलम हे तिचे अध्यक्ष होते. हिंदी मुले समुद्रावरचे कष्ट सोसतील काय, घर सोडून महिनोन्‌महिने पाण्यावर राहतील काय, असे प्रश्न त्या काळी सर्रास विचारले जात. समितीने १९२४ साली आपला अहवाल दिला. हिंदी उमेदवारांना नौकानयनाचे शिक्षण देण्यासाठी मुंबईच्या बंदरात एक शिक्षण-जहाज असावे, ही त्यातील एक प्रमुख शिफारस होती.

नवे जहाज बांधण्याऐवजी सरकारने जुन्याच जहाजाची निवड केली. युद्धावरून आलेली, वीसहून अधिक वर्षे सैनिक वाहिलेली ‘डफरिन’ या कामासाठी सिद्ध करण्यात आली. जेथे पलटणींचा मुक्काम पडत असे, तेथे वर्ग भरू लागले. माझगावच्या धक्क्यासमोर ती नांगरून ठेवण्यात आली. १९२७ च्या डिसेंबरात विद्यार्थ्यांची पहिली तुकडी तिच्या शिडीवरून वर चढली. कॅप्टन डिग्बी-बेस्ट हे तिचे पहिले अधीक्षक होते. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून ही मुले आली होती. त्यांची भाषा वेगळी, जेवणाच्या सवयी वेगळ्या, धर्म वेगळे. पण त्यांची आगबोट एक होती, आणि झोळ्याही एकसारख्याच होत्या. होय, झोळ्याच! कारण ही मुले खाटेवर नव्हे, तर दोन टोकांना टांगलेल्या कापडी झोळीत झोपत. पहाटे उठून ती झोळी घट्ट गुंडाळून ठेवावयाची, हा दिवसाचा पहिला धडा असे.

दुसरा धडा डेक धुण्याचा. अनवाणी पायांनी, हातात झाडू घेऊन, मुलांना सारा डेक घासून काढावा लागे. श्रीमंताचा मुलगा असो की शिक्षकाचा, कोणालाही यातून सूट नसे. जे काम पुढे तुम्ही दुसऱ्यांना सांगणार, ते आधी स्वतःच्या हातांनी करा, असा त्या शाळेचा नियम होता. खलाशाचे काम हलके नाही, हे पुस्तकातून वाचून कळत नाही. तळहाताला घट्टे पडले म्हणजे कळते.

त्यानंतर वर्ग भरत. गणित, भूगोल व इंग्रजी हे विषय इतर शाळांप्रमाणेच असत. पण येथे त्यांचा उपयोग डोळ्यांसमोर दिसे. उदाहरणार्थ, समुद्रात चोहोकडे पाणीच पाणी असताना आपण कोठे आहोत हे कसे ओळखावयाचे? त्यासाठी सेक्स्टंट नावाचे एक यंत्र असते. त्याने भर दुपारी सूर्य क्षितिजापासून किती अंश वर आहे, हे मोजता येते. समजा, दिवस २१ मार्चचा आहे. त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो. दुपारी तो क्षितिजापासून ७१ अंश वर, दक्षिणेकडे दिसला. आता ९० मधून ७१ वजा करा. उरले १९. म्हणजे आपण विषुववृत्ताच्या उत्तरेस १९ अंशांवर आहोत, आणि मुंबईचे अक्षांश जवळजवळ हेच आहेत! एका वजाबाकीने कप्तानाला आपला ठावठिकाणा कळतो. अशी वजाबाकी चुकली, तर मात्र शिक्षक केवळ गुण कमी करीत नाहीत. जहाजच खडकावर आदळते.

मुले निरनिराळ्या गाठी बांधावयास शिकत. कोणती गाठ ओढल्यावर घट्ट होते, कोणती झटकन सुटते, कोणत्या गाठीवर माणसाचा भार सोपवावा, हे त्यांना डोळे मिटूनही सांगता आले पाहिजे. रंगीत निशाणांची भाषा, हातांतील दोन निशाणांनी अक्षरे दाखविण्याची रीत आणि दिव्याच्या उघडझापीने निरोप पाठविण्याची कला, हीही त्यांना यावी लागे. वल्ह्यांच्या होड्या ते बंदरात फिरवीत. शिडाच्या होडीत बसून वाऱ्याशी झुंजत. वेळ सांगण्यासाठी जहाजावर घंटा असे. तिची रीतही निराळी. चार तासांची एक पाळी. दर अर्ध्या तासाने एक टोला वाढत जाई, आणि आठ टोले पडले की पाळी संपून दुसरी सुरू होई. मध्यरात्री पाळीवर उभे राहणाऱ्या मुलाला झोप अनावर झाली, तरी ती आवरावी लागे; कारण त्याच्या जागेपणावर इतरांची झोप अवलंबून असते, हे त्याला शिकविलेले असे.

‘डफरिन’वरील शिक्षणाचा क्रम आरंभी तीन वर्षांचा होता. तो पुरा झाला म्हणजे मुलगा लगेच अधिकारी होत नसे. त्याला प्रत्यक्ष समुद्रावर जाणाऱ्या जहाजावर काही वर्षे उमेदवारी करावी लागे, आणि मग एकामागून एक परीक्षा देऊन सनदा मिळवाव्या लागत. उमेदवारीसाठी जहाज मिळणे हेही सोपे नव्हते, कारण बहुतेक कंपन्या परकीय होत्या. अशा वेळी सिंदिया कंपनीची जहाजे या तरुणांच्या उपयोगी पडली. ‘लॉयल्टी’ स्वतः मोडीत निघाली होती. पण तिच्यामुळे उभ्या राहिलेल्या कंपनीने ‘डफरिन’च्या मुलांना समुद्र दाखविला. एका जहाजाने आपल्याला मालकी दिली, तर दुसऱ्याने विद्या दिली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. ‘डफरिन’चे दार सर्वांना सारखेच सुलभ नव्हते. तेथील शिक्षण इंग्रजीतून असे आणि प्रवेशासाठी परीक्षा द्यावी लागे. कोकणातील सारंगाच्या मुलाला, ज्याच्या गावात चांगली शाळाही नव्हती, त्या शिडीपर्यंत पोहोचणे कठीणच होते. मुलींना तर तेथे प्रवेशच नव्हता. एखादे दार उघडले म्हणजे सगळे आत येतात असे नाही. परंतु दार उघडल्यावाचून कोणीच आत येत नाही, हेही तितकेच खरे.

त्या दारातून पहिल्याच तुकडीत आत आलेल्या मुलांपैकी एकाचे नाव होते रामदास कटारी. १९११ साली हा मुलगा मद्रास प्रांतात जन्मला होता. ‘डफरिन’वरील शिक्षण संपवून त्यांनी कलकत्त्याच्या हुगळी नदीवर काम केले. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी ते आरमारात दाखल झाले. देश स्वतंत्र झाल्यानंतरही काही वर्षे आपल्या आरमाराचे प्रमुखपद ब्रिटिश अधिकाऱ्यांकडेच होते. २२ एप्रिल १९५८ रोजी ते पद प्रथमच एका भारतीयाकडे आले. ते भारतीय म्हणजे रामदास कटारी. पहाटे अनवाणी पायांनी डेक घासणारा मुलगा तीस वर्षांनी देशाचा नौसेनाप्रमुख झाला!

‘डफरिन’चे सर्वच विद्यार्थी काही एवढे प्रसिद्ध झाले नाहीत. त्यांतील शेकडो जण व्यापारी जहाजांवर अधिकारी व कप्तान झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्यापैकी अनेकांनी आरमारात आणि व्यापारी जहाजांवर काम केले. युद्धकाळी व्यापारी जहाजावरचे जीवनही रणांगणासारखेच असते. सिंदिया कंपनीचे ‘एल मदिना’ हे सैनिक वाहून नेणारे जहाज १६ मार्च १९४४ रोजी बंगालच्या उपसागरात जपानी पाणबुडीने बुडविले आणि शेकडो माणसे प्राणास मुकली. असे धोके ठाऊक असूनही नवी तुकडी दर वर्षी माझगावला येतच राहिली. हिंदी मुले समुद्रावरचे कष्ट सोसतील काय, या प्रश्नाला कोणी भाषण करून उत्तर दिले नाही. ते उत्तर त्यांच्या कामानेच मिळाले.

देश स्वतंत्र झाल्यावर व्यापारी जहाजांची संख्या वाढू लागली. २ ऑक्टोबर १९६१ रोजी दोन सरकारी कंपन्या एकत्र करून शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाची स्थापना झाली. तिच्या जहाजांवर आता आपलेच कप्तान होते. ‘डफरिन’ मात्र म्हातारी झाली होती. १९७२ साली तिने आपली सेवा संपविली आणि तिची जागा ‘राजेंद्र’ या नव्या शिक्षण-जहाजाने घेतली. १९९३ साली हे शिक्षण जहाजावरून जमिनीवर आले, आणि नवी मुंबईत ‘चाणक्य’ ही संस्था सुरू झाली. संस्था जमिनीवर असली, तरी तिच्या नावामागे ‘प्रशिक्षण-जहाज’ हे बिरुद जुन्या रिवाजाने कायम राहिले. पवईच्या तलावापाशी अधिकाऱ्यांना जे शिक्षण मिळते, तेही याच परंपरेचे फळ होय.

आता ‘डफरिन’च्या आयुष्याचा हिशेब मांडून पाहा. वीसहून अधिक वर्षे तिने सैनिक वाहिले. पंचेचाळीस वर्षे तिने विद्यार्थी घडविले. पहिल्या काळात ती दूरदूरच्या समुद्रांवर हिंडली. दुसऱ्या काळात ती माझगावसमोर नांगर टाकून एका जागी उभी राहिली. पण जी आगबोट एका जागी उभी होती, तिनेच देशाला अधिक दूर नेले.

‘डफरिन’वर मुलींना जागा नव्हती, हे आपण पाहिले. तो अडसरही पुढे दूर झाला. २०१५ सालच्या जून महिन्यात बंगालच्या उपसागरात वादळ उठले होते. ओडिशाच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर ‘दुर्गम्मा’ नावाची एक मच्छीमार होडी सापडली. तिचे इंजिन बंद पडले होते, नांगर नाहीसा झाला होता, आणि आतील सात कोळी अन्नपाण्यावाचून होडीतील बर्फावर कसेबसे जगत होते. शिपिंग कॉर्पोरेशनचे ‘संपूर्ण स्वराज्य’ नावाचे तेलवाहू जहाज त्या बाजूने चालले होते. त्याच्या ब्रिजवर कप्तान म्हणून उभ्या होत्या राधिका मेनन. भारताच्या व्यापारी जहाजांवरील पहिल्या महिला कप्तान म्हणून त्यांची ओळख आहे. खवळलेल्या समुद्रात त्यांनी आपले प्रचंड जहाज त्या इवल्याशा होडीजवळ नेले आणि मोठ्या प्रयासाने साती जणांना सुखरूप वर घेतले. २०१६ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने असामान्य धैर्याबद्दल त्यांचा गौरव केला. हा मान मिळविणाऱ्या त्या जगातील पहिल्या महिला होत.

मुलांनो, त्या जहाजाचे नाव पुन्हा एकदा वाचा. देश स्वतंत्र झाला म्हणजे स्वराज्य मिळाले. परंतु ज्याला जे काम साधते, त्याला ते शिकण्याची आणि करण्याची वाट मोकळी झाली, म्हणजेच ते स्वराज्य संपूर्ण होते.

शब्दार्थ

आगबोट – वाफेच्या यंत्रावर चालणारे जहाज
सारंग – खलाशांचा मुख्य नायक
तांडेल – सारंगाच्या हाताखालील नायक
आगवाला – जहाजाच्या भट्टीत कोळसा घालणारा कामगार
गस्त – फिरता पहारा
मोडीत निघणे – निरुपयोगी ठरून सुटे भाग करून विकले जाणे
उमेदवारी – काम शिकण्यासाठी अनुभवी माणसाच्या हाताखाली केलेली नोकरी
सनद – अधिकारपत्र
अडसर – अडथळा
बिरुद – मानाने लावलेली पदवी

स्वाध्याय

१. रॉयल इंडियन मरीन या दलाकडे कोणकोणती कामे होती?
२. ‘आत मात्र माणसांचे थर होते,’ असे लेखकाने का म्हटले आहे? ते थर तुमच्या शब्दांत सांगा.
३. ‘एका जहाजाने आपल्याला मालकी दिली, तर दुसऱ्याने विद्या दिली.’ ही जहाजे कोणती? या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. ‘डफरिन’वर प्रत्येक मुलाला डेक का धुवावा लागे? या नियमाविषयी तुमचे मत लिहा.
५. २१ मार्च रोजी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ८० अंश वर, दक्षिणेकडे दिसला. तर जहाज किती अक्षांशांवर असेल?
६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : धाक घालणे, प्राणास मुकणे, आळा घालणे.
७. तुमच्या गावातील किंवा जवळपासची एखादी जुनी वास्तू किंवा वस्तू मूळ कामासाठी न वापरता आज दुसऱ्या कामासाठी वापरली जात असेल, तर तिची माहिती मिळवा व दहा-बारा ओळींत लिहा.